सहा महिने ते तीन वर्षं: तोंडात गेले तरी चालणारे रंग आणि कमी पसाऱ्याचे खेळ

निकाल आधीच सांगतो. दीड वर्षाच्या आतल्या बाळासाठी बाजारातले फिंगर पेंट घेऊ नका. शिजवलेल्या कॉर्नफ्लोअरचा रंग घरी पंधरा-वीस मिनिटांत तयार होतो आणि या वयाला तोच सगळ्यात बरा. पसारा अजिबात नको असेल तर पाण्याने चित्र काढायची चटई घ्या, किंवा साधी दगडी पाटी आणि ओला ब्रश द्या. मोदकाची उकड खेळायच्या मळीव गोळ्याचं काम उत्तम करते, मात्र एक जादा पायरी करावी लागते. दह्याचे रंग दिसायला सगळ्यात सुंदर, पण उन्हाळ्यात ते सांभाळणं कटकटीचं असतं.

यातला प्रत्येक प्रकार आम्ही चार गोष्टींवर तोलला आहे. चमचाभर पोटात गेलं तर काय होईल, घशात अडकण्यासारखं त्यात काही आहे का, बाळ किती वेळ रमतं, आणि नंतर आवरायला किती वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टींत नापास झालेलं पुढच्या दोहोंत कितीही चांगलं असलं तरी ते बाद.

डब्यातले फिंगर पेंट

डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि बहुतेक आईबाबा तेवढं वाचून डबा उचलतात. त्या शब्दाने मिळणारी हमी मर्यादित आहे: हाताला लागलं, थोडं चाटलं गेलं तर विषबाधा होऊ नये. ते खायचं अन्न नव्हे. युरोपातल्या फिंगर पेंटच्या मानकात, म्हणजे ईएन 71 च्या सातव्या भागात, रंगात मुद्दाम कडू द्रव्य घालायची अट आहे, मुलाने दुसऱ्यांदा बोट तोंडात घालू नये म्हणून. मुलाने खाऊ नये यासाठी कडू केलेली वस्तू सात महिन्यांच्या, दिसेल ते तोंडात घालणाऱ्या बाळापुढे ठेवण्यात काहीच मतलब नाही. शिवाय हे रंग पाण्याचे असल्याने टिकण्यासाठी त्यांत परिरक्षकं असतात, आणि काही नाजूक त्वचेच्या मुलांना त्यांनी खाज सुटते.

दोन-अडीच वर्षांच्या, तोंडात घालायची सवय सुटलेल्या मुलासाठी घ्यायचेच असतील तर डब्यावर आयएसआय चिन्ह बघा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे, आणि आयएस 9873 या मानकाचा सातवा भाग खास फिंगर पेंटचाच आहे. डब्यावर ‘3+’ लिहिलं असेल तर ते मुलाच्या हुशारीबद्दल नसतं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी त्यात काहीतरी धोक्याचं आहे, असा त्याचा अर्थ घ्यायचा. ‘आमचं बाळ शहाणं आहे’ म्हणून ती सूचना ओलांडू नये.

कॉर्नफ्लोअरचा शिजवलेला रंग

प्रमाण असं: दोन वाट्या पाणी, म्हणजे सुमारे 300 मिली, आणि तीन मोठे सपाट चमचे कॉर्नफ्लोअर, म्हणजे सुमारे 24 ग्रॅम. मीठ नाही, साखर नाही. गोडीसाठी मध तर मुळीच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो, आणि तो शिजवण्याने जात नाही.

अर्धी वाटी गार पाण्यात कॉर्नफ्लोअर पूर्ण कालवून घ्या. उरलेलं पाणी पातेल्यात उकळी येईपर्यंत तापवा. गॅस मंद करून कालवण बारीक धारेने ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दुधाळ पांढरं मिश्रण अर्धपारदर्शक होऊ लागलं की समजायचं पीठ फुललं. त्यानंतरही दोन मिनिटं ढवळत शिजवा. इथे घाई केली तर रंग गार झाल्यावर पिठूळ लागतो आणि तळाशी पाणी सुटतं. गरम असताना तो जरा पातळ वाटेल. तिथेच थांबायचं, कारण गार होताना तो बराच घट्ट होतो. मनासारखा घट्ट होईपर्यंत गॅसवर ठेवला की गार झाल्यावर खरवसासारख्या वड्या पडतात आणि बोटाने पसरतच नाही.

गार होताना अधूनमधून ढवळलं नाही तर वर साय धरते आणि तिच्या चिवट चिंध्या रंगात येतात. गुठळ्या झाल्याच तर गरम असतानाच गाळणीतून काढा. गुठळी दिसायला किरकोळ असली तरी आतला भाग कच्चा राहिलेला असतो.

या रंगाची एक खोड आहे. खेळता खेळता तो पातळ होत जातो. बाळ बोट चाटतं, तेच बोट पुन्हा वाटीत बुडवतं, आणि लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडायला लागतं. थोड्याच वेळात जेलीसारखा रंग पाण्यासारखा वाहू लागतो. रंग बिघडलाय असं वाटून पालक फेकून देतात. त्यापेक्षा एका वेळी चमचा-दोन चमचेच द्या आणि बाकीचा झाकून बाजूला ठेवा. बाळाच्या हाताचा लागलेला रंग मात्र परत डब्यात भरायचा नाही. न वापरलेला फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, पण त्याला पाणी सुटतं आणि तो रबरासारखा होतो. चमचाभर गरम पाणी घालून जोरात घोटला तर निम्माअर्धा सुधारतो. ताजा करणं अधिक सोपं.

आवरायला याच्याइतका सोपा रंग नाही. ओल्या फडक्याने पुसला की जातो, वाळला तर पापुद्रा होऊन निघतो. 5 पैकी साडेचार.

दह्याचा रंग

घट्ट दही पंचात अर्धा तास टांगून पाणी काढा. पूर्ण चक्का करू नका, फार घट्ट झालं की बोटाने ओढलं जात नाही. एका रंगाला दोन मोठे चमचे पुरतात. चव बाळाच्या ओळखीची असते, रंग गडद येतो, कागदावर जाड थर बसतो. रमण्याच्या बाबतीत हा कॉर्नफ्लोअरच्याही पुढे आहे.

अडचण तापमानाची. एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा जळगावच्या उकाड्यात तासाभरात दही आंबट होतं, तोंडाभोवती लागून राहिलं तर लाल पुरळ येतं. दुपट्यात मुरलेला वास दोन धुण्यांत जात नाही. धुताना पहिलं पाणी गारच घ्यायचं. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात. घरात संगमरवरी फरशी असेल तर खाली मेणकापड हवंच, दह्याच्या आंबटपणाने तिची चकाकी जाते. आणि ज्या बाळाला दुधाची ॲलर्जी आहे किंवा ज्याने अजून दही चाखलेलंच नाही, त्याला हा रंग देऊ नका. कुठलाही नवा पदार्थ बाळाला पहिल्यांदा रंगातून द्यायचा नाही. तो आधी चमच्याने भरवून, दोन-तीन दिवस बघून, मगच खेळात आणायचा. बाळाच्या अंगभर लागलेलं असताना पुरळ आलं तर ते पोटातून आलं की कातडीवरून, हे कळायला मार्ग राहत नाही.

रंग कशाचा घालावा

खरी गंमत इथे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

बीट: अर्धं बीट किसून अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा. दोन चमचे गार झालेल्या मिश्रणात एक छोटा चमचा पाणी पुरतं. गरम पातेल्यात घालू नका, जास्त तापलं की गुलाबी जाऊन विटकरी-तपकिरी होतं. दह्यात बीट फार खुलतं, आंबटपणा त्याला मानवतो. दुसऱ्या दिवशी लंगोट लालसर दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो बिटाचाच रंग. फक्त बीट दिलं होतं हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर आजी थेट दवाखाना गाठतील.

पालक: पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग मिक्सर. शिजवत बसलं की हिरवा शेवाळी होतो. दह्यातही अर्ध्या तासात काळपट पडू लागतो, म्हणून पालक कॉर्नफ्लोअरमध्येच घाला. बीट आणि पालक दोन्हींत नायट्रेट असतं आणि वाटून ठेवल्यावर जिवाणूंमुळे त्याचं नायट्राइट होत जातं, ते लहान बाळाला घातक. त्यामुळे हे दोन रंग त्याच दिवशी करायचे, त्याच दिवशी संपवायचे.

गाजर: उकळून गाळलेलं पाणी घातलं तर काहीच रंग येत नाही आणि लोक निराश होतात. गाजराचा केशरी रंग पाण्यात विरघळत नाही, तुपातेलात विरघळतो. गाजर मऊ शिजवून थेंबभर तुपात परता, मग गुळगुळीत वाटा आणि जवळपास समान प्रमाणात मिसळा. रेषा राहिल्या तर पुन्हा वाटा.

हळद: दोन वाट्यांच्या घाण्याला चिमूटभर, शिजतानाच. चांगल्या दर्जाची पाकीटबंद किंवा सांगलीकडची हळकुंडं आणून दळलेली घ्या. सुट्या, डोळ्यांत भरेल इतक्या पिवळ्या हळदीत लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ होऊ शकते, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. साबणातल्या अल्कलीने हळद रंग बदलते, एवढंच. तसाच धुऊन खळखळून काढा आणि कडक उन्हात वाळत घाला. उन्हाने हळदीचा रंग उडतो, पांढऱ्या झबल्यावरचा डाग बहुधा एक-दोन उन्हांत जातो. पावसाळ्यात हळद वापरायची तर अंगावर जुना कपडाच हवा.

जांभळा कोबी: चिरून दहा मिनिटं उकळला की पाणी निळसर जांभळं होतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ते तसंच राहतं, दह्यात घातलं की गुलाबीकडे झुकतं. निळ्या आभाळासाठी दह्यात हा रंग घालणाऱ्यांची इथेच फसगत होते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तर तेवढाच खेळ पुरतो: एका वाटीत कोबीचं पाणी, त्यात लिंबाचे दोन थेंब आणि पुढ्यात होणारा गुलाबी रंग.

नाचणी सत्त्वाची बिनमिठाची, बिनगुळाची पेज जरा घट्ट शिजवली तर ती स्वतःच तपकिरी रंग आहे. बाळ ती रोज खातच असतं, वेगळं काही करावं लागत नाही. सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या पहिल्या रंगासाठी आमची पसंती हिलाच.

कोकणातली मंडळी कोकमाचा विचार करतील. आगळात मीठ असतं, ते नको. बिनमिठाची वाळवलेली फुलं, म्हणजे कोकमाची सालं, भिजवली तर सुरेख लाल पाणी मिळतं, पण ते इतकं आंबट असतं की वर्षाच्या आतल्या बाळाच्या हनुवटीला झोंबतं. दोन वर्षांनंतर, कागदावर, ब्रशने. जांभूळ मात्र कुठल्याच वयाला सुचवणार नाही, त्याचा डाग कपड्याबरोबरच जातो.

आणि वाण्याकडे मिळणारी खाण्याच्या रंगाची पुडी? भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. त्यांतले चार, म्हणजे टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर, ज्या खाद्यपदार्थांत असतात त्यांवर युरोपात 2010 पासून ‘मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना छापावी लागते. सुट्या, नाव नसलेल्या पुडीत काय आहे हे तर कळतच नाही. बिटाने काम होत असताना ती आणायची गरज नाही.

पिशवीतला रंग

हा खरा कमी पसाऱ्याचा प्रकार, आणि बसता न येणाऱ्या बाळासाठीही चालणारा एकमेव. जाड प्लॅस्टिकची, दुहेरी बंद होणारी झिप लॉक पिशवी घ्या. आत दोन रंगांचे दोन-दोन मोठे चमचे, दोन टोकांना. हवा पूर्ण काढून बंद करा, तोंडाची कडा एकदा दुमडून रुंद चिकटपट्टी लावा. मग चारही बाजूंनी फरशीवर चिकटवा. बाळ पालथं पडून मान उचलायला लागलं की ही पिशवी समोर असली तर ते बराच वेळ पालथं राहतं.

चमचे मोजून घाला. जास्त भरलं तर रंग सरकत नाही, कमी भरलं तर नुसते बुडबुडे फिरतात. दोन रंग चटकन एक होऊन शेणकट होऊ नयेत म्हणून एका बाजूच्या रंगाऐवजी छोटा चमचाभर तेल घाला. तेलाचे थेंब शेवटपर्यंत वेगळे राहतात आणि बोटाखाली पळतात. पिशवीखाली पांढऱ्या कागदावर काळ्या जाड रेषेत मासा किंवा गोल काढून ठेवला, तर बाळाने रंग बाजूला सारला की चित्र दिसतं.

आतला रंग खाण्याजोगाच हवा. चार दात आलेलं बाळ पिशवी चावून फोडू शकतं. दह्याचा रंग पिशवीत भरू नका, संध्याकाळपर्यंत आंबतो. आणि खेळ संपल्याबरोबर पिशवी उखडून टाकायची, सुटी प्लॅस्टिकची पिशवी बाळाच्या आसपास राहता कामा नये. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या तोंडात आतलं काहीही जाता कामा नये, त्यामुळे तोवर ही पिशवी देताना तुम्ही शेजारी बसलेलं असायला हवं. 5 पैकी 4, एक गुण रोजच्या प्लॅस्टिकसाठी कापला.

मळीव गोळा: कणीक, मिठाचा गोळा की उकड?

पोळ्या करताना रडणाऱ्या मुलाच्या हातात कणकेचा गोळा द्यायची पद्धत घरोघरी आहे. कच्च्या पिठात ई-कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, आणि दळल्याने ते मरत नाहीत. पोळी भाजली की प्रश्न मिटतो, पण गोळा चोखला तर मिटत नाही. मोठ्या मुलाने खेळून हात धुतले तर ठीक. चोखणाऱ्या वयात नको.

मिठाचा गोळा, म्हणजे वाटीभर मैद्याला अर्धी वाटी मीठ, छान टिकतो. त्याचं मीठच घातक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात 1 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ जाऊ नये असं मानतात, आणि या गोळ्याचा सुपारीएवढा तुकडासुद्धा त्याच्या पुढे जातो. बाजारातले मळीव गोळेही खारटच असतात. प्ले-डो या ब्रँडच्या गोळ्यात गहू आहे, हेही गव्हाची ॲलर्जी असलेल्या घराने ध्यानात ठेवावं.

उकडीचं प्रमाण मोदकासारखंच, फक्त मीठ वगळून: वाटीभर पाणी, चमचाभर तूप, वाटीभर तांदळाची बारीक पिठी. पाण्याला उकळी आली की पिठी घालून हलवा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ आणा, गरम असतानाच तुपाच्या हाताने मळा. आता ती जादा पायरी. मोदक नंतर वाफवले जातात, म्हणून नुसती उकड आतून पूर्ण शिजलेली नसते. गोळा चपटा करून दहा मिनिटं वाफवा आणि पुन्हा मळा. बिटाचा रंग या दुसऱ्या मळणीत, आटवलेल्या रसाचे थेंब टाकून. आधीच पाण्यात घातला तर वाफेने विटतो.

उकड अर्ध्या तासात कडेने तडकू लागते, ओल्या फडक्याखाली ठेवा. शिजलेल्या भातासारखीच ती बाहेर राहिली की बिघडते, तेव्हा दोन तासांत टाकून द्या. चिकट असल्याने छोट्या गोळ्या घशात अडकू शकतात. म्हणून एकच संत्र्याएवढा गोळा, थोडा दाबून चपटा केलेला, आणि वय दीड वर्षाच्या पुढे. तुकडे पाडून देऊ नका. मुलाने स्वतः तोडले तर मोठ्या गोळ्यात परत मिसळत राहा.

बर्फ आणि घावन

कुल्फीच्या साच्यात बीट, पालक, हळदीचं पाणी गोठवून जाड कार्डशीटवर फिरवायला दिलं की उन्हाळ्याची दुपार निघते. लाकडी काडीचे तंतू सुटतात, रुंद मुठीचा प्लॅस्टिकचा साचा घ्या. फ्रीजरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर ओठाला चिकटतो. अंगठ्याएवढा उरला की काढून घ्या, कारण निम्मा वितळलेला बर्फ अचानक तुटतो आणि तुकडा सरळ घशात जातो. वर्षाच्या आत हा खेळ नाहीच.

तांदळाचं घावन हा खाता येणारा कागद आहे. तव्यावरून काढून पूर्ण गार करा. दोन चमचे दुधात बिटाचा रस मिसळून सिलिकॉनच्या ब्रशने रंगवायला द्या. केसांच्या ब्रशचे केस गळतात आणि ते घशाला चिकटतात. ओलं जास्त झालं की घावन फाटतं, त्यामुळे रंग बशीत अगदी थोडा ओता.

पाण्याची चटई आणि दगडी पाटी

पाण्याने चित्र उमटणाऱ्या चटईत रंग आधीच कापडावर छापलेला असतो, वर पांढरा सच्छिद्र थर असतो. थर भिजला की पारदर्शक होतो, खालचा रंग दिसतो. वाळला की पुन्हा पांढरा. म्हणजे पेनात फक्त पाणी. मेलिसा अँड डग यांचं वॉटर वाव पुस्तकही पाण्यानेच चालतं आणि प्रवासात, आगगाडीत, दवाखान्याच्या बाकावर त्याला तोड नाही. पण त्यावर 3+ आहे आणि चोखणारं मूल पेनाचं टोक चावतं.

चटईचे दोष सांगितले पाहिजेत. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, मुलाला पुन्हा पांढरी होईपर्यंत थांबवत नाही आणि रुसवा सुरू होतो. ओली घडी घातली की खालच्या बाजूने बुरशीचे काळे ठिपके येतात, दोरीवर पसरूनच ठेवा. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि तिथे रंग उमटत नाही. साबणाचं किंवा रंगीत पाणी एकदा जरी भरलं तरी थर कायमचा खराब होतो. मूल पेनातलं पाणी पिणारच, तेव्हा उकळून गार केलेलं भरा आणि खेळ झाला की पेन रिकामं करून उघडं वाळवा. वर्षाच्या आतल्या बाळाला पेन देऊच नका, तळहात ओला करून चटईवर बसवलं तरी पुरे. घेताना किमान मीटरभर लांबीची घ्या, छोट्या चटईवर बसणारं मूल स्वतःच निम्मी जागा व्यापतं. 5 पैकी 4.

चटई नसेल तर लाकडी चौकटीची दगडी पाटी आणि दोन बोटं रुंदीचा ओला ब्रश. ओली रेघ काळीभोर दिसते, मिनिटा-दोन मिनिटांत उडते. शहाबादी फरशीवरही हेच होतं आणि गच्चीत तर मुलाला हवा तेवढा कागद मिळतो, फक्त घसरू नये म्हणून पाणी वाटीभरच. पाटीवरची पेन्सिल मात्र देऊ नका, ती खायची सवय लागते. मेणाचे खडू दीड वर्षापुढे, मुठीत मावतील असे जाडजूड. बारीक खडूचा तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

मांडणी आणि आवराआवर

या सगळ्याला सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे मोठी स्टीलची परात. काठ उंच, रंग बाहेर जात नाही, डाग धरत नाही, उचलून थेट मोरीत नेता येते. बाळ बसतं झालं की परात त्याच्या पायांत, खाली मेणकापड, अंगावर फक्त लंगोट. वर्तमानपत्र अंथरू नका, त्याची ओली शाई तोंडात जाते. रंगवायला कार्डशीट, चारही कोपरे चिकटपट्टीने बसवलेले. पातळ कागद ओला झाला की तुकडे तोंडात जातात.

वेळ जेवणानंतर साधारण तासाभराने. भुकेलं बाळ रंग नुसतं खातं, भरल्या पोटी रांगवलं तर ओकतं. कोमट पाण्याची बादली आणि पंचा आधीच हाताशी ठेवा, बाळाला परातीत सोडून आणायला जाऊ नका. नऊ-दहा महिन्यांचं बाळ दहा मिनिटांत कंटाळलं तर खेळ फसला असं नाही, त्या वयाला तेवढंच लक्ष असतं. चेहरा वळवला, हात झटकले की उचलून आंघोळीला न्यायचं. काहींना चिकट स्पर्शच आवडत नाही. त्यांना आधी पिशवीतला रंग, मग चमच्याने किंवा ब्रशने, आणि हाताने मात्र बाळाने स्वतःहून हात घातला तरच.

काही गोष्टी खेळात येताच कामा नयेत. रांगोळी ही दगडाची भुकटी असते, श्वासाबरोबर छातीत जाते. गुलाल आणि होळीचे रंग ‘हर्बल’ असले तरी नकोत. पाण्यात फुगणारे जेलचे मणी गिळले गेले तर आतड्यात फुगून अडथळा करतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कोरडा साबुदाणा, वाटाणे, चणे, कुरमुरे ही सुद्धा तीन वर्षांखाली चिकटकामासाठी नकोत. रंग उरले तर बेसिनमध्ये ओतू नका. कॉर्नफ्लोअरचा लगदा नळीत बसून राहतो, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. बीट-पालकाचा चोथा कुंडीत घालता येतो, दह्याचा घालू नका, मुंग्या लागतात.